एकशे एकोणतीस मतं

२००४ च्या डिसेंबरात बाबांचा पुण्याहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असे, "काय, आला का तुमचा गव्हर्नर निवडून?" आणि माझं उत्तरही ठरलेलं, "अजून मोजतायत." दोनतीन आठवडे हे ऐकल्यावर बाबा एकदा वैतागून म्हणाले, "अगं, आमच्या बँकेत एवढ्या वेळात वर्षाचा ताळेबंद व्हायचा."

आम्ही वॉशिंग्टन राज्यात राहायला आलो त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. हे वॉशिंग्टन राजधानीचं नव्हे. पश्चिम किनाऱ्यावरचं, सिएटल ज्यात आहे ते. आणि इथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपालही नव्हे. लोक त्याला थेट निवडून देतात आणि राज्याचा कारभार तोच चालवतो. म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखाच, फक्त आमदारांच्या पाठिंब्यावर त्याची खुर्ची अवलंबून नसते. मी तेव्हा व्हिसावर होते, मत देण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे ही निवडणूक मी क्रिकेटची मॅच बघावी तशी बघत होते. पुढे मात्र तिने माझ्या डोक्यात जे घर केलं ते वीस वर्षं झाली तरी सुटलेलं नाही. कारण एक प्रश्न तिने माझ्यासमोर उघडा ठेवला: मतमोजणी जे सांगते ते नेमकं काय असतं, आणि ते आपण का मानायचं?

आधी झालं काय ते सांगते.

२ नोव्हेंबरला मतदान झालं. डेमोक्रॅटिक पक्षाच्या ख्रिस्टीन ग्रेगवार या राज्याच्या ॲटर्नी जनरल होत्या, रिपब्लिकन डीनो रॉसी हे आधी राज्याच्या सिनेटमध्ये होते. २८ लाखांच्या आसपास मतं पडली. पहिली मोजणी संपली तेव्हा रॉसी २६१ मतांनी पुढे होते. फरक इतका कमी असला की कायद्याने यंत्रावर फेरमोजणी करावीच लागते. ती झाली, रॉसी ४२ मतांनी पुढे. आता हाताने मोजायचं तर मागणाऱ्याने खर्च भरायचा, आणि निकाल उलटला तर पैसे परत मिळायचे, असा नियम होता. डेमोक्रॅटिक पक्षाने ७ लाख ३० हजार डॉलर भरले. हाताने मोजणी सुरू असताना किंग काउंटीत, म्हणजे सिएटलच्या परगण्यात, सातशेहून अधिक टपाली मतपत्रिका अशा सापडल्या की ज्या चुकून नाकारल्या गेल्या होत्या. त्या मतदारांच्या सह्या संगणकावर चढवलेल्याच नव्हत्या, कागदी नोंदीत बघायच्या राहून गेल्या होत्या. नाकारलेल्यांच्या यादीत खुद्द काउंटी कौन्सिलच्या अध्यक्षाचं नाव होतं, आणि ते त्यानेच वाचलं म्हणून घोळ बाहेर आला. त्या मतपत्रिका मोजायच्या की नाही हा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने मोजा म्हटलं.

शेवटचा आकडा असा: ग्रेगवार १३,७३,३६१. रॉसी १३,७३,२३२. फरक १२९.

तीन मोजण्या आणि तीन उत्तरं. त्यातली दोन एका बाजूची, तिसरं दुसऱ्या बाजूचं. निवडणुकांची जबाबदारी असलेले सेक्रेटरी ऑफ स्टेट सॅम रीड स्वतः रिपब्लिकन होते. त्यांनी ३० डिसेंबरला ग्रेगवार निवडून आल्याचं प्रमाणपत्र दिलं आणि स्वतःच्या पक्षातल्या अनेकांचा रोष ओढवून घेतला.

माझं शिक्षण संख्याशास्त्राचं. नोकरीही त्यातलीच, लोकांच्या गटांवरून एकेका माणसाबद्दल अंदाज बांधायचे, हेच काम. त्यामुळे माझी पहिली प्रतिक्रिया व्यावसायिक होती. कुठल्याही मोजमापात चूक असते. किराणा दुकानातल्या काट्यावर केशराच्या काड्या मोजता येत नाहीत. २८ लाख मतं माणसं आणि यंत्रं मिळून मोजतात तेव्हा काहीशे मतांची चूक सहज होते, तीन मोजण्यांनी ते दाखवूनच दिलं होतं. मग १२९ मतांचा फरक म्हणजे काय? काही नाही. हे दोघे बरोबरीत होते आणि लोकांची इच्छा कोणाच्या बाजूने होती हे त्या काट्यावर कळणं शक्यच नव्हतं. मी हे ऑफिसात जेवणाच्या टेबलावर मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं. सगळ्यांना पटलं. "मग करायचं काय?" असं कोणीतरी विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत. आयुष्यभर बांधकामावर काढलेलं, पक्के रिपब्लिकन. पहिल्या हिमवर्षावात आमच्या दारातला बर्फ त्यांनी न सांगता काढून दिला होता, तेव्हापासून आमचं जाणंयेणं. जानेवारीत त्यांच्या अंगणात पुन्हा मतदान घ्या अशी मागणी करणारी पाटी लागली. तशा पाट्या तेव्हा राज्यभर दिसत होत्या. रॉसींनी स्वतःच ग्रेगवारना तसा प्रस्ताव दिला होता. मी त्यांना विचारलं की पुन्हा मतदान कशासाठी? ते म्हणाले, युक्रेनमध्ये नाही का घेतलं? त्याच डिसेंबरात युक्रेनच्या सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षपदाचं मतदान रद्द करून पुन्हा घ्यायला लावलं होतं. मी म्हटलं, तिथे लबाडी झाली होती, इथे चुका झाल्या आहेत. त्यावर ते हसून म्हणाले, "तू असं म्हणणारच. तुम्ही लोक त्यांनाच मत देता."

मला मतच नव्हतं. आणि असतं तर मी कोणाला दिलं असतं हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, माझं मलाही ठरवता आलं नव्हतं. पण माझं नाव, माझा रंग, माझी नोकरी यांवरून त्यांनी माझी मतपत्रिका भरून टाकली होती. त्यांनी ते प्रेमाने, चेष्टेत म्हटलं होतं. तरी ते मला लागलं. का लागलं ते कळायला मात्र त्या वर्षीचा मे महिना उजाडावा लागला.

रॉसींच्या बाजूने निकालाला आव्हान दिलं गेलं ते वेनॅची नावाच्या गावी, चेलान काउंटीच्या न्यायालयात. डोंगरापलीकडचा हा सफरचंदांच्या बागांचा मुलूख, रिपब्लिकन वळणाचा. न्यायाधीश जॉन ब्रिजेस. मे २००५ च्या अखेरीला दोन आठवडे सुनावणी चालली. मुद्दा असा होता की मतदानाचा हक्क नसलेल्या शेकडो लोकांनी मतदान केलं होतं. यातले बहुतेक जण गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेले आणि मताचा हक्क अजून परत न मिळालेले होते. काही मतं मृतांच्या नावावर पडली होती, काहींनी दोनदा मत दिलं होतं. न्यायाधीशांनी अखेर अशी १,६७८ बेकायदा मतं मान्य केली. फरक १२९ चा आणि बेकायदा मतं १,६७८! शेजारच्या आजोबांची पाटी आता मला पहिल्याइतकी हास्यास्पद वाटेना.

पण ही मतं गेली कोणाला? मतदान गुप्त. मतपत्रिका एकदा ढिगात मिसळली की ती ब्रह्मदेवालाही वेगळी काढता येत नाही. इथे रॉसींच्या वकिलांनी तज्ज्ञ उभे केले, आणि त्यांचा युक्तिवाद मला अगदी ओळखीचा होता. समजा एका मतदानकेंद्रावर ६० टक्के मतं ग्रेगवारना पडली. तिथे १० जणांनी बेकायदा मत दिलं. तर त्या १० पैकी ६ ग्रेगवारच्या खात्यातून वजा करा, उरलेली बाकीच्यांच्या. असं राज्यभर करत गेलं की रॉसी जिंकतात, कारण ही मतं जास्त करून ग्रेगवारच्या बालेकिल्ल्यांतली होती.

मी रोज ऑफिसात हेच करत होते. पिनकोड सांगा, मी सांगते माणूस काय विकत घेईल. माझ्या मते युक्तिवाद वाजवी होता. अंदाजच, पण अंदाज नसण्यापेक्षा अंदाज बरा, हे आमच्या धंद्याचं पहिलं सूत्र.

दुसऱ्या बाजूच्या तज्ज्ञांनी त्यावर बोट ठेवलं. गटाच्या सरासरीवरून गटातल्या एकाबद्दल निष्कर्ष काढणं ही जुनी, पाठ्यपुस्तकात शिकवली जाणारी चूक आहे. हे मतदार त्यांच्या शेजाऱ्यांसारखेच असतील हे कशावरून? त्यांच्यात पुरुषच फार जास्त, आणि पुरुषांचा कल रॉसींकडे अधिक. मग शेजारी बघायचा की लिंग बघायचं? की वय? की उत्पन्न? जे माप निवडाल तसा गव्हर्नर येईल.

६ जून २००५ ला ब्रिजेस यांनी आव्हान फेटाळलं. निकाल बदलला असं स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने दाखवता आलेलं नाही, आणि शेजाऱ्यांवरून मत ठरवण्याची पद्धत हा असा पुरावा नव्हे, असं त्यांनी ठरवलं. काउंटीच्या ढिसाळपणावर त्यांनी कोरडे ओढले, पण निकाल फिरवण्यासाठी कोणी लबाडी केली असंही दिसलं नाही. आणि त्यांनी एक छोटी गोष्ट केली जी मला त्या सबंध प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. शिक्षा झालेल्यांपैकी चौघांनी स्वतःहून शपथेवर सांगितलं होतं की आम्ही रॉसींना मत दिलं. ती चार मतं न्यायाधीशांनी रॉसींच्या खात्यातून वजा केली. आव्हान रॉसींचं, आणि फरक १२९ चा झाला १३३.

त्या रात्री मी बराच वेळ या चार मतांचा विचार करत होते. १,६७८ मतदारांबद्दल तज्ज्ञांनी जे सांगितलं ते न्यायालयाने बाजूला ठेवलं. चार जणांनी स्वतःबद्दल जे सांगितलं ते मात्र धरलं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही चार मतं म्हणजे काहीच नव्हे, उलट नमुना म्हणून भयंकर, कारण सांगायला पुढे कोण येईल यातच पक्षपात आहे. पण न्यायाधीश नमुना घेतच नव्हते. त्यांचं म्हणणं मला असं समजलं: माणसाचं मत काय हे फक्त तो माणूस सांगू शकतो. त्याच्या वतीने त्याची गल्ली सांगू शकत नाही.

आणि मला शेजारच्या आजोबांचं वाक्य का लागलं ते तेव्हा कळलं. त्यांनीही हेच केलं होतं, गटाच्या सरासरीवरून माझं मत ठरवलं होतं. कदाचित त्यांचा अंदाज बरोबरही निघाला असता. पण अंदाज बरोबर निघण्याने तो अपमान कमी होत नाही. मतपेटीजवळ आपल्याला एकदाच, एका कागदाच्या तुकड्यावर, आपल्या जातीचा, वस्तीचा, पगाराचा संदर्भ न देता विचारलं जातं की तुला काय वाटतं? 'व्होट बँक' हा शब्द आपण किती सहज वापरतो. त्यात खातेदाराला कोणी काही विचारत नाही.

आता यावरचा सर्वांत जड आक्षेप. तो मला आजही पूर्णपणे परतवता येत नाही. न्यायालयाने रॉसींना सांगितलं की बेकायदा मतांनी निकाल बदलला हे सिद्ध करा. पण मतदान गुप्त आहे, म्हणजे हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्यच. जे सिद्ध होऊच शकत नाही ते सिद्ध करायला सांगणं हा न्याय कसा? कायद्याने वागलेल्या रॉसींच्या मतदारांच्या वाट्याला काय आलं? त्यांची तक्रार खोटी नव्हती. हक्क नसलेल्यांची मतं मिसळली की हक्क असलेल्यांच्या मताचं वजन कमी होतंच.

मी इतकंच म्हणू शकते की संशय होता आणि तो कोणाच्या तरी वाट्याला जाणारच होता. पुन्हा मतदान घेऊनही तो मिटला नसता. नोव्हेंबरातले मतदार आणि मे महिन्यातले मतदार एक नसतात; मधल्या काळात कोणी मेलेलं असतं, कोणी अठरा वर्षांचं झालेलं असतं, आणि सगळ्यांनी सहा महिने बातम्या वाचलेल्या असतात. २ नोव्हेंबरला लोकांना काय वाटत होतं हे पुन्हा विचारता येत नाही. आणि मुळात १२९ मतांच्या मागे 'लोकांची इच्छा' अशी एक वस्तू कुठे दडून बसली होती आणि मोजणी ती शोधत होती, हीच माझी समजूत चुकीची होती. २७ लाख लोक दोन जवळजवळ समान भागांत विभागले गेले होते. त्यांची मिळून एक अशी इच्छा नव्हतीच. होता तो आधीपासून ठरलेला नियम: सगळ्यांना विचारू, सांगितलेलं मोजू, चूक सुधारायला अमुक संधी देऊ, त्यानंतर जो एका मताने पुढे तो चार वर्षं.

मग चिठ्ठी का टाकू नये? आपल्याकडे मतं अगदी समान झाली तर चिठ्ठी टाकतातच. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या एका प्रभागात असा नगरसेवक ठरला. २०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिमची लोकसभेची जागा ४८ मतांनी ठरली तेव्हाही मनात आलं, हे चिठ्ठीपेक्षा वेगळं ते काय? निष्पक्षपणात चिठ्ठी मोजणीला हरवेल. पण चिठ्ठी कोणाला काही विचारत नाही. मोजणी चुकत असेल, तरी तिचा प्रत्येक आकडा म्हणजे कोणीतरी दिलेलं उत्तर असतं. सातशे मतपत्रिकांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायचं ते कोण जिंकतं यासाठी, हे खरंच. पण ज्या सातशे जणांना विचारलं आणि ज्यांनी उत्तर दिलं, त्यांचं उत्तर आपल्या निष्काळजीपणामुळे कचऱ्यात जाऊ देणं बरोबर नव्हे, म्हणूनही.

रॉसींनी त्याच दिवशी जाहीर केलं की अपील करणार नाही. त्यांना निकाल पटला नव्हता, वरच्या न्यायालयावर विश्वासही नव्हता; तसं त्यांनी बोलून दाखवलं. तरी थांबले. तेव्हा मला यात मोठं काही वाटलं नव्हतं. गेल्या काही वर्षांत अमेरिकेत जे पाहिलं, त्यानंतर वाटतं. हरलेल्याने पटल्याशिवायही थांबणं, यावरच सगळं उभं असतं. २००८ साली हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि ग्रेगवार चांगल्या फरकाने जिंकल्या. म्हणून २००४ चा निकाल बरोबर होता असं ठरत नाही. फक्त इतकंच दिसतं की थांबलेल्याला पुन्हा संधी मिळते. शेजारच्या आजोबांनी तेव्हाही पाटी लावली होती, रॉसींच्या नावाची. मला विचारलं मात्र नाही, मी कोणाच्या बाजूची. मी ते मनात नोंदवून ठेवलं.

आणि ज्यांच्या मतांवरून हे महाभारत झालं त्यांचं? त्यातले अनेक जण तुरुंगातून कधीच सुटलेले होते. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे न्यायालयाने लावलेला सगळा दंड आणि खर्च फिटेपर्यंत मताचा हक्क परत मिळत नसे. म्हणजे ज्याच्याकडे पैसे, तो नागरिक लवकर. २००९ मध्ये तो कायदा बदलला, सही केली गव्हर्नर ग्रेगवार यांनी. त्यात त्यांच्या पक्षाचा फायदा होता असं कोणी म्हणेल. असं म्हणतानाही आपण पुन्हा त्या माणसांची मतं त्यांना न विचारता मोजत असतो.

आता माझी गोष्ट. मी २०११ मध्ये नागरिक झाले. २०१२ ला पहिल्यांदा गव्हर्नरसाठी मत दिलं. तोवर सगळं राज्य टपालाने मत देऊ लागलं होतं: मतपत्रिका घरी येते, भरायची, लिफाफ्यात घालायची, लिफाफ्यावर सही करायची. दोन आठवड्यांत निवडणूक कार्यालयाचं पत्र आलं. तुमची सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही. सोबतचा फॉर्म भरून पाठवा, नाहीतर मत मोजलं जाणार नाही.

मी काय केलं होतं ते लगेच लक्षात आलं. नोंदीतली सही ड्रायव्हिंग लायसन्सवरची, इंग्रजी. लिफाफ्यावर मी मराठीत सही केली होती. मुद्दाम नाही. पहिलं मत, हात भरून आला होता, आणि सही म्हटल्यावर जी शाळेपासून करत आले तीच झाली. तोवर निकाल लागला होता, हरलेल्या उमेदवाराने पराभव मान्यही केला होता. माझ्या मताने काही बदलण्याची शक्यता शून्य होती, आणि शून्य म्हणजे किती हे मला व्यवसायाने ठाऊक होतं. फॉर्म टेबलावर चार दिवस पडून राहिला.

रविवारी बाबांना फोनवर सांगितलं. बाबांची उभी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षं चेकवरच्या सह्या नमुना सहीशी ताडून बघण्यात. मला वाटलं ते चिडवतील. ते म्हणाले, "सही जुळली नाही की चेक परत करायचा असा नियम होता. पण ओळखीचा माणूस, खात्यात पैसे आहेत, आणि म्हाताऱ्याचा हात कापलेला दिसतोय, तर मी आधी निरोप धाडायचो. आपण कशाला ठरवायचं की ही त्याची नाही? त्यालाच विचारायचं." मग थोडं थांबून म्हणाले, "तुला विचारलंय ना त्यांनी? मग सांग की."

मी फॉर्म भरला. दोन सह्या केल्या, एक इंग्रजी, एक मराठी, आणि खाली लिहिलं की दोन्ही माझ्याच. पोस्टाच्या पेटीपाशी शेजारचे आजोबा भेटले, म्हणाले आज रविवार आहे, टपाल उद्या निघेल. मी म्हटलं, चालेल.